भेगेवर काच

फॉर्मवर पहिल्याच रकान्यात आडनाव मागतात.
धोंडू, मी लिहिते.
टिपणीस मॅडम चष्म्यावरून बघतात :
हे नाव झालं. आडनाव?
तेच, मी म्हणते. देविना धोंडू, मॉरिशस.
बोटीवर चढताना कुणा एकाने
विचारलं म्हणून स्वतःचं नाव सांगितलं,
कारकुनाने ते लिहिलं,
आणि आम्ही सगळेच धोंडू झालो,
माझी वकील आत्यासुद्धा.
कुठल्या गावचा होता, विचारू नका.
मी मुळं शोधायला आलेली नाही.
आठ आठवडे भेगा मोजायला आले आहे.

उन्हाळी इंटर्नशिप म्हणतात हिला.
आमच्याकडे आता हिवाळा,
आई फोनवर स्वेटर घालून बसते.
मी चेंबूरच्या खोलीत पंख्याखाली,
आणि पंखा तीच गरम हवा
या कोपऱ्यातून उचलून
त्या कोपऱ्यात नेऊन ठेवतो.

खोलीतली अश्लेषा लातूरची.
पहिल्या रात्री म्हणाली, बादली भरून ठेव,
सव्वासहाला नळ जातो.
मलाही ही मुंबई अजून अंगी लागलेली नाही.
मग म्हणाली, आपल्याकडे कसं असतं...
आणि थांबली.
आपल्याकडे म्हणजे नेमकं कुठे,
दोघींनाही सांगता येईना.

शाळेत नऊ वर्षं मराठी होतं मला.
तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार,
दहापैकी नऊ मार्क.
रिक्षावाल्याला म्हटलं,
कृपया पुढच्या वळणावर डावीकडे घ्यावे.
तो म्हणाला, लेफ्ट ना? सीधा बोलो ना मॅडम.
भाजीवालीने भाव हिंदीत सांगितला,
सुटे पैसे मात्र मराठीत मोजले,
हळू, स्वतःशी.
मी तिथेच उभी राहिले
बाराव्या रुपयापर्यंत.

काम मुलुंडला. सोसायटीची बी विंग,
चार मजले, एकेचाळीस वर्षं.
छोट्या हातोडीने प्लास्टरवर टकटक करायची
आणि ऐकायचं.
भरीव. भरीव. भरीव. पोकळ.
पोकळीवर खडूने गोल.
एक आजोबा दार उघडून म्हणाले,
आमच्या भिंतीवर गोल नको, पाहुणे येतात.

दुपारी गेटवरचा वॉचमन फोनवर भांडत होता,
काहे ना खइलू? दवाई लेलू कि ना?
मला हसू आलं, आणि मग कळलं
की मला कळलं.
आमच्या गल्लीत, उसाच्या कडेला,
म्हातारे शेजारी असेच भांडतात.
का हाल बा, चाचा?
त्याने फोन छातीशी धरला.
खुर्ची गमछ्याने पुसली.
कवन जिला?
जिल्हा नाही, म्हटलं, बेट आहे. चारी बाजूंनी पाणी.
तो बराच वेळ विचार करत राहिला.
दियारा? गंगाजी में?
हो, म्हटलं. तसंच काहीसं.
नऊ वर्षांचं मराठी पिशवीत घडी घालून राहिलं
आणि मी त्याच्या डब्यातला अर्धा कांदा खाल्ला.

तिसऱ्या मजल्यावर जिन्यात
एक भेग आहे, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत.
तिच्यावर काचेची पट्टी चिकटवली,
खाली तारीख टाकली, सही केली.
काच तडकली तर भेग जिवंत.
नाही तडकली तर झोपली आहे,
लिंपून टाकली तरी चालते.
तीन आठवडे फक्त वाट बघायची.
मी रोज जाऊन बघते, गरज नसताना.

कालच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये
सगळे एकदम बोलत होते.
मधेच सेक्रेटरी माझ्याकडे वळले :
तुम्ही परदेशातून आलात, तुम्हीच सांगा,
पडणार का आमची बिल्डिंग?
उत्तर मला पाठ होतं, आकड्यांसकट,
शुद्ध, व्याकरणासह.
टिपणीस मॅडमनी टेबलाखालून
पायाला पाय लावला.
बघू, मी म्हणाले.

हा शब्द पुस्तकात होता,
पण असा नव्हता.
सगळे गप्प झाले, मान हलवली,
आणि कुणीतरी मला न विचारता
चहाचा दुसरा कप पुढे केला.